अरण्यातून सागराकडे : मुंबई गोदीची सागवानी जहाजे

(राजुरा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

राजुऱ्यासारख्या ठिकाणी जहाजांचा विषय निघावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. या भागातील मुलांच्या नित्य पाहण्यात असते ती वर्धा नदी, नदीपलीकडील बल्लारपूरचे लाकूड आगार आणि सागाचे ओंडके वाहून नेणाऱ्या मालमोटारी. तथापि जहाजे लाकडाची होती त्या काळी त्यांची घडण समुद्रकाठच्या गोदीत सुरू होत नसे; ती अरण्यात सुरू होई. कोणते झाड तोडावे, केव्हा तोडावे, किती वर्षे वाळू द्यावे, यावर जहाजाचे आयुष्य ठरत असे. म्हणून जहाजबांधणीचा इतिहास हा अर्ध्या हिश्शाने अरण्याचा इतिहास आहे, आणि तो चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत सांगणे मुळीच अप्रस्तुत नाही.

जहाजबांधणी म्हटले की स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या काठच्या गोद्यांचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु त्या गोद्यांचा जगभर बोलबाला होण्यापूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, मुंबईत, एक गोदी अशी होती की तिच्यात बांधलेली जहाजे ब्रिटिश आरमाराने मागणी नोंदवून घेतली. त्या जहाजांपैकी एक आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही पाण्यावर तरंगत आहे.

लवजींची गोदी

या गोदीची कथा सुरतेपासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत हे जहाजबांधणीचे नामांकित केंद्र होते. तेथे लवजी नसरवानजी वाडिया नावाचे एक पारशी सुतार कामावरील मुकादम होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांचे कसब ओळखले आणि 1736 साली ते काही सुतारांसह मुंबईस आले. त्यांच्या देखरेखीखाली 1750 साली मुंबईत जी सुकी गोदी उभी राहिली, ती आशियातील अशा प्रकारची पहिली गोदी मानली जाते. सुकी गोदी म्हणजे दगडी बांधकामाचा असा हौद, की ज्यात भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे, दरवाजे बंद करावे व पाणी काढून टाकावे. मग जहाजाचा तळ उघडा पडतो आणि दुरुस्ती निर्वेधपणे करता येते. पश्चिम किनाऱ्यावर जहाजाचा तळ पावसाळ्यापूर्वी तपासून घेण्याची ही सोय आरमाराच्या दृष्टीने अमोल होती.

लवजी 1774 साली निवर्तले. कंपनीचे एवढे काम हातून गेलेल्या या माणसाच्या मागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये एवढीच मालमत्ता राहिली, अशी नोंद आहे. लाकूड खरेदीच्या व्यवहारात पैसा करून घेण्याच्या संधी कमी नव्हत्या. त्या काळच्या अनेक गोद्या या प्रकारांसाठी कुप्रसिद्धही होत्या. लवजींनी पुढच्या पिढीला दिले ते कसब आणि विश्वास. त्यांचे पुत्र माणेकजी व बोमनजी, नातू फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बोमनजी आणि त्यांच्यानंतरचे वंशज अशा या एकाच घराण्याकडे सुमारे दीडशे वर्षे मुंबई गोदीच्या मुख्य जहाजबांधकाचे पद राहिले. या काळात लहानमोठी मिळून तीनशेहून अधिक जहाजे त्यांच्या हातून पाण्यात उतरली.

साग आणि ओक

मुंबईच्या जहाजांचा लौकिक दोन गोष्टींवर उभा होता : सुतारांचे कसब आणि सागाचे लाकूड.

इंग्लंडची जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओक मजबूत खरा, परंतु त्यात आम्ल असते. त्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, खिळ्याभोवतीचे लाकूड सडते आणि सांधे सैल होतात. सागाचे तसे नाही. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे खिळ्यांचे रक्षण होते, वाळवी व कुजण्याचा उपद्रव कमी होतो, आणि ऊनपावसात लाकूड फुगण्याचे व आकसण्याचे प्रमाणही अल्प राहते. जे गुण घराच्या चौकटीला सागवान घेताना या जिल्ह्यातील शेतकरी पाहतो, तेच गुण जहाजाच्या कामी येत होते. ओकच्या जहाजाला थोड्याच वर्षांत मोठ्या दुरुस्तीची गरज पडे. सागाचे जहाज अर्धशतक सहज काढी.

लाकूड चांगले असून भागत नाही. ते ओळखावे लागते. जहाजाला सरळ सोटाइतकीच वाकड्या लाकडाची गरज असते. जहाजाच्या बरगड्या, कोपऱ्यातील आधार, पुढील टोकाचा बाक हे सर्व भाग नैसर्गिक वाकणाच्या लाकडातूनच काढावे लागत. सरळ लाकूड कापून बाक दिला तर धागा तुटतो व तो भाग लाटेच्या माऱ्यात फुटतो. म्हणून अनुभवी बांधक अरण्यात उभ्या झाडाकडे पाहूनच त्यातून कोणता अवयव निघेल याचा अंदाज बांधीत. ताजा तोडलेला साग जड असतो, तो पाण्यात बुडतो. यासाठी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीसह बाहेरचे लाकूड कापून ते झाड उभ्यानेच वाळू देत, आणि मग तोडलेले ओंडके नदीतून तरंगत खाली येत. सुरत व मुंबईच्या सुतारांची आणखी एक खुबी होती. दोन फळ्या नुसत्या एकमेकींना भिडविण्याऐवजी ते एकीच्या कडेला खाच पाडून तीत दुसरीची कड बसवीत. असा सांधा करण्यास वेळ लागे, परंतु पाणी आत येत नसे.

डंकन गोदीतील जहाजे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात नेपोलियनशी युद्ध पेटले होते. ब्रिटनमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागली होती. 74 तोफांचे एक लढाऊ जहाज बांधण्यास सुमारे दोन हजार मोठे वृक्ष लागत, असे सांगितले जाते. ओकचे रान एका पिढीत वाढत नाही. तेव्हा ब्रिटिश आरमाराची दृष्टी मुंबईकडे वळली. 1807 ते 1810 या काळात मुंबईत आणखी मोठी गोदी बांधण्यात आली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाने ती ओळखली जाते. याच गोदीतून 1810 साली ‘मिंडेन’ हे 74 तोफांचे जहाज पाण्यात उतरले. पहिल्या फळीत लढणाऱ्या या वर्गातील, ब्रिटनबाहेर ब्रिटिश आरमारासाठी बांधले गेलेले हे पहिले जहाज होय. त्याचे बांधक जमशेटजी बोमनजी होते.

त्यानंतर एकामागून एक जहाजे उतरत गेली. 1813 साली ‘कॉर्नवॉलिस’ तयार झाले. पुढे 29 ऑगस्ट 1842 रोजी ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. अफूच्या व्यापारापायी लादलेल्या युद्धाचा तो शेवट होता. मुंबईच्या सुतारांचे श्रम कोणाच्या कामी आले याचीही ती साक्ष आहे. 1815 साली ‘वेलस्ली’ बांधले गेले. 1940 साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ते बुडाले. 1824 साली उतरलेले ‘एशिया’ हे 84 तोफांचे जहाज 1827 च्या नव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे मुख्य जहाज होते.

या सर्वांत भाग्यवान ठरले ते ‘त्रिंकोमाली’. त्याचे आराखडे विलायतेहून ज्या जहाजाने पाठविले, ते जहाज 1812 साली अमेरिकनांच्या हाती पडले; आराखडे पुन्हा पाठवावे लागले. 1816 साली कणा घातला गेला, तेव्हा पारशी परंपरेप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी मलबारी सागाचे हे जहाज मुंबईत पाण्यात उतरले. आरमाराची सेवा संपल्यावर 1897 साली ते विकले गेले आणि पुढे ‘फुद्रोयां’ या नावाने 1986 पर्यंत मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्याच्या कामी आले. नंतर त्याचा जीर्णोद्धार होऊन जुने नावही त्याला परत मिळाले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे आणि ब्रिटनमधील पाण्यावर तरंगणाऱ्या युद्धनौकांत सर्वांत जुने आहे. हजारो प्रेक्षक ते पाहावयास जातात. ते मुंबईत घडले आहे, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलाला मात्र क्वचितच ठाऊक असते.

या कारागिरांच्या मनात काय होते, याची एक कथा सांगितली जाते. 1800 साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतील तुळईवर, सहसा कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, जमशेटजींनी अशा आशयाची अक्षरे कोरली होती की, हे जहाज एका हीन लेखल्या गेलेल्या काळ्या माणसाने बांधले आहे. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती अक्षरे उघडकीस आली, असे म्हणतात. कथेची अक्षरे कशीही असोत. गुण सिद्ध करूनही ज्याला बरोबरीचा मान मिळत नाही, अशा माणसाचे शल्य तिच्यात आहे.

अरण्याने मोजलेली किंमत

आता या वैभवाची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. मुंबईच्या जहाजांचा साग प्रामुख्याने मलबारच्या व पश्चिम घाटाच्या रानांतून येई. मागणी वाढली तशी कंपनी सरकारची त्या रानांवरील पकड घट्ट होत गेली. 1806 साली कॅप्टन वॉटसन यांची मलबारच्या जंगलांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि 1807 च्या जाहीरनाम्याने सागावर सरकारचा हक्क सांगण्यात आला. ज्यांच्या जमिनीत साग उभा होता त्यांचा तोडण्याचा हक्क गेला. व्यापारी आणि रयत या दोहोंत असंतोष माजला. अखेर मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी 1823 च्या सुमारास ते पद रद्द केले. हक्क काढून घेतल्याने रान वाचले नाही, आणि नुसते पद रद्द केल्यानेही वाचले नाही. तोड चालूच राहिली. लावणीचा विचार कोणी केला नव्हता.

तो विचार 1840 नंतर सुरू झाला. मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलांबूर येथे साग लावण्याचे काम हाती घेतले, आणि चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने बी रुजविण्याची पद्धत बसवून ते यशस्वी केले. मुंबई इलाख्यात 1847 साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे वनसंरक्षक झाले. हे स्कॉटलंडचे डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले होते. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटतात व खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणले. त्यानंतर 1864 साली वनखाते स्थापन झाले, 1865 व 1878 साली वनकायदे आले. जहाजांच्या लाकडाच्या चिंतेतून अशा रीतीने वनव्यवस्था जन्मास आली. परंतु 1878 च्या कायद्याने राखीव वनांत गावकऱ्यांचे पिढीजात हक्क पुष्कळ अंशी सवलतींच्या पातळीवर आले. त्याचे परिणाम या जिल्ह्यांनी दीर्घकाळ अनुभवले आहेत.

या संदर्भात आपल्या परंपरेतील एका ग्रंथाचे स्मरण करणे उचित होईल. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावरील आज्ञापत्रात, 1715-16 च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट नियम सांगितले आहेत. साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, कमी पडल्यास परमुलुखातून खरेदी करावीत. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने पुष्कळ काळ जपून वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आरमारही हवे आणि रयतेचे झाडही राहिले पाहिजे, हा विचार वॉटसन यांच्या नेमणुकीपूर्वी नव्वद वर्षे मराठीत लिहिला गेला होता.

लोखंडाचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाफ आणि लोखंड आले. मुंबई गोदी या बदलात हात जोडून बसली नाही. 1829 साली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी नौका येथेच बांधली गेली, आणि पुढील वर्षी ती मुंबईहून सुवेझला पोहोचली. याच घराण्यातील अर्देशर करसेटजी यांनी वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. कसब होते, बुद्धी होती. परंतु लोखंडाचे कारखाने, कोळसा, भांडवल आणि राज्यकर्त्यांचा पाठिंबा ही सारी तिकडे होती. क्लाइडच्या काठी लोखंड, कोळसा आणि गोदी शेजारी शेजारी होत्या.

तरीही साग मागे पडला नाही. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे 1869 साली ‘कटी सार्क’ हे जगप्रसिद्ध शिडाचे जहाज बांधले गेले. मूळ गोदीवाल्यांचे दिवाळे निघाल्याने डेनी बंधूंच्या गोदीने ते पुरे केले. त्याचा सांगाडा लोखंडी आहे. परंतु पाण्यावरील भागाच्या फळ्या आणि डेक सागाचे. झाड पूर्वेकडचे, कारखाना पश्चिमेकडचा, अशी विभागणी झाली होती.

1884-85 च्या सुमारास मुंबई गोदीतील वाडियांची परंपरा संपली. त्याच सुमारास, 1885 साली, स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे ‘वैतरणा’ ही आगबोट बांधून मुंबईच्या किनारी वाहतुकीसाठी आणण्यात आली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजली’ म्हणत. नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येत असता ती वादळात सापडून नाहीशी झाली आणि सातशेहून अधिक माणसे गेली. जेथे शतकभर जगातील उत्तम जहाजे बांधली, त्याच बंदरासाठी आता जहाजे विलायतेहून येऊ लागली होती.

हे चक्र पुन्हा फिरविण्यास स्वातंत्र्य यावे लागले. मार्च 1948 मध्ये ‘जल उषा’ विशाखापट्टणम येथे पाण्यात उतरले. 1960 साली मुंबईचा माझगाव गोदी कारखाना शासनाकडे आला, आणि 1972 साली तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका आरमारात दाखल झाली. डंकन गोदी आजही नौदलाच्या गोदीवाड्यात उपयोगात आहे.

वर्धेपासून प्राणहितेपर्यंत

मुंबईची जहाजे चंद्रपूरच्या सागाची नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु हा प्रदेशही समुद्राच्या हिशेबातून सुटलेला नव्हता. राजुऱ्याजवळून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेस मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरून पूर्व समुद्रास जाते. 1860 नंतरच्या दशकात सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, आणि या नदीमार्गाने नौका थेट वर्धेपर्यंत आणण्याची मोठी योजना सरकारने आखली होती. खडकांचे अडथळे फोडण्याचे, बंधारे व कालवे घालण्याचे काम काही वर्षे चालले. खर्च वाढत गेला, रेल्वेचा मार्ग सोयीचा दिसू लागला आणि 1871 साली ती योजना सोडून देण्यात आली. पुढे 1929 साली काझीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि या रानांतील लाकडाला उत्तर-दक्षिण वाट मिळाली.

अहेरी-आलापल्लीच्या सागाची कीर्ती आजही कायम आहे. 2023 साली अयोध्येतील राममंदिरासाठी याच पट्ट्यातील सागवान बल्लारपूरहून रवाना झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र याच क्षणी मुंबई गोदीचा इतिहास एक प्रश्न पुढे ठेवतो. ओंडका जिल्ह्याबाहेर जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्यावरील कामाची मजुरीही बाहेर जाते. सागाला मोल असतेच. परंतु जमशेटजींसारख्याच्या हाती आल्यावर त्याच सागाला दोनशे वर्षांचे आयुष्य मिळाले. आगार ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यातील किती तरुणांना लाकडाचा धागा वाचता येतो, सांधा जोडता येतो, याची विचारणा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी व पंचायत समित्यांनी अवश्य करावी.

दुसरी गोष्ट हक्काची. वॉटसन यांच्या काळी जे घडले त्याच्या उलट दिशेचा प्रयोग याच भागात झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्काचा अधिकृत दाखला मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. रान राखणे आणि रानाचा उपयोग करणे ही दोन्ही कामे एकाच गावाच्या हाती असू शकतात, हे या गावाने दाखविले. ज्या पंचायतींकडे असे दाखले आले आहेत त्यांनी तोडीच्या हिशेबाइतकाच लावणीचा हिशेबही ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे.

सागाला चांगला घेर धरण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात. आज जो लावील तो बहुधा ते झाड तुटताना पाहणार नाही. ‘त्रिंकोमाली’चा साग ज्याने रानात वाढू दिला, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. शिक्षकांनी वर्गात जगाचा नकाशा उघडावा, हार्टलपूल दाखवावे, मुंबई दाखवावी, आणि मग शाळेच्या आवारातील सागाचे रोप दाखवून मुलांना त्याचे वय मोजावयास लावावे. पंचायत सदस्यांनी त्या रोपाभोवती कुंपण घालावे. पावसाळ्यापूर्वी एवढे काम प्रत्येक गावात सहज होण्यासारखे आहे.